टीटी मेले की सरकले? (सूटी शिअरवॉटरच्या मोजणीची भानगड)

रातपाखरू:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं इथे ओतते. धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

सूटी शिअरवॉटर नावाचा एक समुद्रपक्षी आहे. दिसायला काही खास नाही, काजळी फासल्यासारखा काळपट तपकिरी, पंखांच्या खालून रुपेरी झाक, वजन पाऊण किलोच्या आसपास. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी लोक त्याला टीटी म्हणतात. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाची बेटं, दक्षिण चिली, फॉकलंड अशा ठिकाणी जमिनीत बीळ करून राहतो, वर्षाला एकच अंडं. आणि न्यूझीलंडवाले टीटी तिकडचा हिवाळा तोंडावर आला की विषुववृत्त ओलांडून सरळ उत्तर पॅसिफिक गाठतात, म्हणजे या पठ्ठ्याने हिवाळा असा कधी बघितलेलाच नसतो, इकडचा उन्हाळा संपला की तिकडचा.

२००६ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी पायाला चिमुकले टॅग लावून यांचा माग काढला तेव्हा जाऊन-येऊन साधारण ६४,००० किमी निघाले, तेही पॅसिफिकभर मोठ्ठा आठचा आकडा काढत. तेव्हा तो विक्रम होता, २०१० मध्ये आर्क्टिक टर्न या दुसऱ्या समुद्रपक्ष्याने ७०,९०० किमीने तो मोडला. आणि हा पक्षी नुसता उडत नाही, मासे आणि क्रिलच्या (कोळंबीसारखे बारके जीव) मागे ६५-७० मीटर खोल बुडी पण मारतो.

आता मूळ मुद्दा. कॅलिफोर्नियाच्या समुद्रात कॅलकोफी म्हणून एक सर्वेक्षण १९४९ पासून चालू आहे, मुळात सार्डिन माशांसाठी सुरू केलेलं. त्या बोटींवरून १९८७ ते १९९४ पक्षी मोजले तेव्हा सूटी शिअरवॉटर तब्बल ९० टक्क्यांनी घटलेले दिसले. नऊ नाही, नव्वद. आणि तेही सातआठ वर्षांत. त्याच पट्ट्यात १९५१ पासून पाणी एक-दीड अंशाने तापलं होतं आणि तरंगते सूक्ष्म प्राणी, म्हणजे झूप्लँक्टन, ८० टक्क्यांनी कमी झाले होते.

तर प्रश्न असा की ते ९० टक्के पक्षी गेले कुठे? मेले, की दुसरीकडे खायला गेले? वाचलं तितकं डोकं अजून फिरलं म्हणून इथे टाकतेय.

आगाऊ_कार्टं:
टीटी म्हणजे टिटवीची चुलत बहीण का ओ ताई
बाकी ६४००० किमी करून एकच अंडं हे काय जमलं नाय, एवढ्या पेट्रोलमध्ये निदान दोन तरी

रातपाखरू:
टिटवीचा काही संबंध नाही रे बाबा. आणि अजून गोंधळ हवा असेल तर ऐक, याच्या वंशाचं जुनं शास्त्रीय नाव पफिनस, पण पफिन पक्ष्याशीही याचं काही नातं नाही. आता नाव बदलून आर्डेना ग्रिसिया केलंय.

शंकासुर:
यात कोडं काय आहे? मी दोन मिनिटं शोधलं तर पहिलीच गोष्ट ही दिसली की न्यूझीलंडमध्ये लोक याची पिल्लं बिळातून ओढून काढून खातात, लाखांनी. आणि आपण कॅलिफोर्नियाच्या पाण्याचं तापमान मोजत बसलोय. खाल्ले, संपले, विषय संपला.

बिळात_हात:
शंकासुर, थांबा जरा. मी शिकत असताना एका सीझनला तिकडच्या एका बेटावर मदतनीस म्हणून राहून आलोय (म्हणून हा आयडी), त्यामुळे चार गोष्टी सांगतो.

पहिली म्हणजे कोणीही उठून जाऊन पकडत नाही. हा हक्क फक्त राकीउरा माओरींचा, म्हणजे दक्षिणेकडच्या स्टुअर्ट बेटाच्या माओरींचा. १८६४ मध्ये स्टुअर्ट बेट ब्रिटिश सरकारला विकलं तेव्हाच त्यांनी टीटीची बेटं आपल्यासाठी राखून ठेवली, करारात. उरलेली सरकारकडे होती ती १९९८ मध्ये न्गाई ताहू जमातीबरोबर तडजोड झाली तेव्हा परत मिळाली. सीझन १ एप्रिल ते ३१ मे, कायद्याने. आणि मोठ्या पक्ष्याला हात लावायचा नाही, फक्त पिल्लू.

दोन प्रकारे पकडतात. एप्रिलमध्ये 'नानाओ', म्हणजे दिवसा पालथं पडून बिळात खांद्यापर्यंत हात घालायचा आणि चाचपडत पिल्लू बाहेर काढायचं. मग पिल्लं मोठी झाली की रात्री बिळाबाहेर येऊन पंख फडफडवायला लागतात, तेव्हा 'रामा', म्हणजे बत्ती घेऊन काळोखात धावपळ. जितकी अंधारी आणि पावसाळी रात्र तितकं बरं, चांदणं असेल तर पिल्लं फारशी बाहेर येत नाहीत. मीठ लावलेली पिल्लं पूर्वापार केल्पच्या (मोठं समुद्री शेवाळ) फुगवलेल्या पिशवीत भरतात, तिला पोहा म्हणतात. (आपले नव्हेत.) तीच घराणी, तीच बेटं, पिढ्यानपिढ्या. एखाद्या आजीला आपल्या तुकड्यातलं कुठलं बीळ कुठे वळतं हे पाठ असतं, मी थापा मारत नाहीये.

शंकासुर:
करार असला म्हणून आकडा कमी होतो का? मरायचं ते पिल्लू मरतंच ना.

गणितवेडी:
आकडा हवा ना, घ्या.

१९९४ ते २००५ च्या मोजणीवरून न्यूझीलंड भागातले टीटी सुमारे २ कोटी १३ लाख. त्यात अंडी घालणाऱ्या जोड्या ४४ लाख. शिकार वर्षाला साधारण ३ लाख ६० हजार पिल्लांची. म्हणजे जिथे शिकार चालते तिथल्या पिल्लांपैकी १८ टक्के, आणि अख्ख्या न्यूझीलंडच्या पिल्लांपैकी १३ टक्के. कमी आहे असं मी म्हणत नाहीये. पण आता स्नेअर्स बेटांचं बघा.

स्नेअर्स म्हणजे स्टुअर्ट बेटाच्याही दक्षिणेला, सगळी मिळून जेमतेम साडेतीन चौरस किमी. माणूस राहत नाही, परवान्याशिवाय उतरायचं नाही, उंदीर नाही, मांजर नाही आणि टीटीची शिकार तर नाहीच. तिथे १९६९-७१ मध्ये बिळांची तोंडं मोजली होती, परत १९९६-२००० मध्ये मोजली. ३७ टक्क्यांनी कमी.

आता सांगा, तिथे कोणी खाल्ले?

शंकासुर:
हम्म. हे माहीत नव्हतं.
पण मग २ कोटी आहेत म्हणताय तर रडारड कशाला? २ कोटी म्हणजे काय कमी झाले का

गणितवेडी:
३७ टक्के म्हणजे २७-२८ वर्षांत, वर्षाला दीड-पावणेदोन टक्के पडतात. शंभर बिळांतलं वर्षाला दीड बीळ रिकामं झालं तर उभ्या माणसाला कळणार पण नाही, बेट दरवर्षी तसंच गजबजलेलं दिसणार. म्हणूनच आययूसीएनने (निसर्ग संरक्षणाची जागतिक संस्था) कोटींत असूनही याला 'संकटाच्या जवळ' या गटात टाकलंय. तिथे किती उरले यापेक्षा किती वेगाने उतरतायत ते जास्त बघतात.

आगाऊ_कार्टं:
पण बिळाची तोंडं मोजून काय कळतं? एका घराला दोन दारं असली तर?
(सिरियस प्रश्न आहे, हसू नका)

बिळात_हात:
अरे कार्ट्या, हाच तर सगळ्यात मोठा ताप आहे! एका दाराची दोन घरं, दोन दारांचं एक घर, काही बिळं नुसतीच उकरून सोडलेली, काही शेजाऱ्याच्या बिळात आतून घुसलेली. जमीन म्हणजे चाळणी. पाय जरा जोरात पडला की गुडघ्यापर्यंत आत, मग तिथेच बसून आधी त्या बिळाचं छप्पर नीट करायचं, हा नियम.

मोजायला बरोस्कोप वापरतात. एक लांब जाडसर नळी, टोकाला छोटा कॅमेरा आणि इन्फ्रारेड दिवे, दुसऱ्या टोकाला पडदा. मी ओल्या पीटच्या चिखलात पोटावर आडवा, डोक्यावर काळं कापड, डोळे त्या पडद्याला चिकटवलेले आणि हाताने नळी इंचाइंचाने आत सरकवत. पडद्यावर काय, तर करडी माती, करडं मूळ, करडी माती, करडं मूळ. मूळ अगदी पक्ष्याच्या पायासारखं दिसतं, दहादा फसलो. मग फाटा येतो. डावीकडे घालू की उजवीकडे? नळी वळत नाही, मनगट पिळून पिळून वळवायची. आणि मग एकदम पडदाभर कापूस! करडा मऊ लोकरीचा गोळा, त्यात एक काळा मणी डोळ्याचा, ते माझ्याकडे बघतं आणि सरळ पाठ फिरवून बसतं. चोच खाली केली की ते पिल्लू आहे की मातीचं ढेकूळ हे सांगता येत नाही.

नंतर काही बिळं वरून उकरून पडताळा घ्यायचे, तर 'रिकामं' लिहिलेल्या काही बिळांत पिल्लू निघायचं. म्हणजे कॅमेरा जेवढं दाखवतो त्यापेक्षा खरे जास्त असतात, आणि ती चूक गणितात धरावी लागते. वरच्या दोन कोटी तेरा लाखाच्या मागे असे हजारो चिखलातले तास आहेत. आणि वास! तेलकट, कस्तुरीसारखा पण बुरसट. माझं जॅकेट शेवटी टाकूनच दिलं.

खलाशीकाका:
वाचतोय सकाळपासून, आता राहवेना. माझी आख्खी हयात मर्चंट नेव्हीत गेली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या सुरुवातीला जपान ते अमेरिकेचा पश्चिम किनारा अशा बऱ्याच फेऱ्या झाल्या, पहाटे चार ते आठ माझी वॉच. तुम्ही म्हणता तो पक्षी मी नाव माहीत नसताना हजारदा बघितलाय. पंख ताठ, जवळजवळ हलवतच नाही, लाटेच्या उतारावरून खाली येतो, पंखाचं टोक पाण्याला लागेल लागेल असं वाटतं आणि लागत नाही, मग परत वाऱ्यावर वर चढतो. वारा असेल तर त्याच्यासारखा राजा नाही. पण वारा पडला की बिचारा पार अडकतो, पाण्यावर बसून राहतो आणि जहाज अंगावर आलं की पाय मारत मारत पाण्यावरून धावत सुटतो, बऱ्याचदा पोट इतकं भरलेलं असतं की उडताच येत नाही.

एकदा जूनमध्ये एवढा थवा लागला की समुद्रावर ढगाची सावली पडलीय असं वाटलं, आणि आकाशात ढग नाही. अर्धा-पाऊण तास आम्ही त्यातून चाललो होतो.

आणि दुसरी एक गोष्ट सांगतो, ती या धाग्यावर अजून कोणी बोललं नाहीये. जाळी. त्या काळी स्क्विडसाठी जपान, कोरिया, तैवानच्या बोटी ड्रिफ्टनेट सोडायच्या. एकेका बोटीचं जाळं चाळीस-पन्नास किलोमीटर. पाण्यात भिंतच उभी, नायलॉनची, दिसत नाही. रात्री सोडायचे, सकाळी ओढायचे. बुडी मारणारा पक्षी त्यात गेला की गेला. आम्हाला रेडिओवर बोया सांभाळून जायचे इशारे यायचे, प्रोपेलरमध्ये जाळं गुंतलं तर आमचीही पंचाईत.

रातपाखरू:
काका, दंडवत! हेच हवं होतं.
आणि बरोबर आहे तुमचं, १९९१ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी ठराव केला आणि १९९२ संपताना खुल्या समुद्रातली मोठी ड्रिफ्टनेट बंद झाली. त्याआधीची कित्येक वर्षं हे चालू होतं आणि मेलेले पक्षी नुसते पाण्यात फेकून द्यायचे.

आता माझ्या 'सरकले' वाल्या बाजूला येते. २००६ च्या टॅगवाल्या अभ्यासात दिसलं की टीटी उत्तरेला गेल्यावर तीनपैकी एका ठिकाणी मुक्काम ठोकतो, जपानच्या बाजूला, अलास्काकडे, नाहीतर कॅलिफोर्नियाकडे. एकाच बेटावरचे पक्षी तीन दिशांना. जोडीतले नवरा-बायकोसुद्धा बरोबर जात नाहीत. आणि परतताना मात्र सगळे ऑक्टोबरच्या सुमारास मध्य पॅसिफिकच्या एका चिंचोळ्या पट्ट्यातून दक्षिणेला उतरतात. म्हणजे कॅलिफोर्नियातली बोट जे मोजते तो एकाच फांदीचा हिशोब आहे. कॅलिफोर्नियाचं ताट रिकामं दिसलं तर पक्षी पश्चिमेला वळू शकतो, आणि १९९९ मध्ये समुद्रावरच्या नोंदी तपासणाऱ्यांनी तसं म्हटलंय पण, की कॅलिफोर्नियातली घट काही अंशी मार्ग बदलल्यामुळे असावी.

शंकासुर:
मग झालं की. सरकले. धागा बंद करा.

गणितवेडी:
शंकासुर, तुम्हाला धागा बंद करायची फार घाई बुवा. स्नेअर्सची बिळं सरकली का? बीळ काही जपानला जात नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. नव्वद टक्क्यांपैकी बराच भाग सरकलेला, आणि त्याखाली दबलेली एक हळूहळू चाललेली खरी घट, तीस-चाळीस टक्क्यांची. समुद्रावरून मोजलं तर सरकणं आणि मरणं एकच दिसतं. बिळावरून मोजलं तर फक्त घरी आलेले दिसतात. दोन्ही मोजण्या आपापल्या जागी आंधळ्या.

आणि बिळावरची मोजणी अजून एका बाबतीत आंधळी आहे, ते मला जास्त भयंकर वाटतं. मी वर आकडा दिला, ४४ लाख जोड्या. म्हणजे ८८ लाख पक्षी. एकूण २ कोटी १३ लाख. उरलेले सव्वा कोटी कोण? ते सगळे अजून अंडी न घालणारे, बरेचसे पोरसवदा. टीटी पाच-सात वर्षांचा होईपर्यंत संसार थाटत नाही. आता समजा (हे फक्त उदाहरण आहे) या वर्षीपासून एकही पिल्लू समुद्रात तग धरू शकलं नाही. बिळं मोजणाऱ्याला काय दिसेल? काही नाही! पुढची पाचसहा वर्षं आधी जन्मलेले तरुण येत राहणार, रिकामी झालेली बिळं भरत राहणार, आकडा जिथल्या तिथे. जेव्हा घट दिसायला लागेल तेव्हा मूळ कारण सहा वर्षं जुनं झालेलं असेल, आणि आपण त्या वर्षीच्या पाण्याला शिव्या घालत बसणार.

उलटं पण आहे. मोठा पक्षी दरवर्षी शंभरातले पाचेक मरतात, तेवढेच. त्यामुळे एक पिल्लू गेलं तर वाईट, पण एक मोठा पक्षी गेला तर कितीतरी जास्त वाईट, कारण तो अजून कित्येक वर्षं अंडी घालणार होता. मोठ्याला हात लावायचा नाही हा नियम कोणाच्या तरी पूर्वजांना कागद-पेन्सिल न घेता कळला होता. आणि काकांच्या त्या जाळ्यांत मरत होते त्यात मोठेही होते.

आळशी_वाचक:
+१ गणितवेडी. वाचनखूण साठवली.
रच्याकने, हाच तो पक्षी ना ज्याने १९६१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका गावात रात्री घरांवर धडका मारल्या होत्या?

रातपाखरू:
हो हो तोच. कॅपिटोला, ऑगस्ट १९६१. सकाळी रस्ताभर मेलेले आणि झिंगलेले पक्षी, अर्धवट पचलेले मासे ओकलेले. बरेच वर्ष धुक्यात वाट चुकले असं म्हणायचे. नंतर त्या काळचे बाटलीत जपून ठेवलेले प्लँक्टनचे नमुने तपासले तर त्यात विष बनवणारं शेवाळ भरपूर सापडलं, ते खाऊन मासे विषारी, मासे खाऊन पक्ष्यांच्या मेंदूवर परिणाम. पन्नास वर्षांनी लागलेला निकाल. अवांतर आहे पण भारी आहे.

बिळात_हात:
परत मोजणीकडे येतो. समुद्र झाला, बिळं झाली, पण तिसरी एक मोजणी आहे आणि ती शंकासुरांच्या 'खाऊन संपवले' वाल्या लोकांनीच ठेवलेली.

टीटी पकडणारी बरीच कुटुंबं डायरी लिहितात. आज किती पिल्लं, कुठल्या तुकड्यात, किती तास, हवा कशी, पिल्लं लठ्ठ की हडकुळी. कोणी सांगितलं म्हणून नाही, आपल्या हिशोबासाठी. संशोधकांना एका माणसाची १९७९ ते १९९८ अशी सलग डायरी मिळाली. तेच बेट, तीच जागा, तोच माणूस, तीच पद्धत. अशी वीस वर्षांची सलग नोंद कुठल्या संशोधन प्रकल्पाला मिळते सांगा! पैसेच तीन वर्षांत संपतात. तर त्या डायरीत दिसलं की ऐंशीचं दशक संपतासंपता पिल्लं मिळायचं प्रमाण घसरायला लागलं. आता कॅलिफोर्नियाची बोट कधी मोजत होती? १९८७ ते ९४. हजारो मैलांवरचा एक माणूस बत्ती घेऊन अंधारात तेच लिहीत होता आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

अजून मजा पुढे आहे. ज्या वर्षी पिल्लं हडकुळी आणि कमी, त्याच्या साधारण वर्षभरानंतर एल निन्यो यायचा. म्हणजे आधी पिल्लू बारीक, मग पॅसिफिकचं हवामान फिरणार. हे रीतसर छापून आलंय. आईबाप खाणं शोधायला खाली अंटार्क्टिकाच्या पाण्याच्या हद्दीपर्यंत जातात, तिथे काही बिघडलं की त्याची खबर हवामानखात्याच्या आधी पिल्लाच्या पोटात पोचते.

आगाऊ_कार्टं:
म्हणजे तिकडचे आजोबा पिल्लाचं पोट दाबून सांगणार पुढच्या वर्षी एल निन्यो
कडक

शंकासुर:
बरं, माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. अर्धा. (पूर्ण नाही, १८ टक्के म्हणजे १८ टक्केच. समुद्राकडून मार बसतोय हे कळल्यावर हातचं थोडं आखडतं घ्यायला काय हरकत आहे, एवढं तरी विचारू द्या.)

बिळात_हात:
हा प्रश्न चांगला आहे आणि तो तेच लोक आपापसात विचारतात. ओटागो विद्यापीठाबरोबर नव्वदच्या दशकात त्यांनी जो मोठा अभ्यास सुरू केला तो मुळात याच प्रश्नासाठी, की नातवंडांना टीटी उरतील का. आणि नियम साधा ठेवला होता, संशोधनात जे निघेल ते बाहेर सांगायच्या आधी बेटवाल्यांना सांगायचं. मी होतो तिथे संध्याकाळी रॉकेलच्या कंदिलाशेजारी बसून एक म्हातारे गृहस्थ आमच्या वहीतले आकडे बघत होते. म्हणाले, वरच्या तुकड्यात तुम्ही कमी लिहिलेत, तिथली बिळं पहिल्या वळणानंतर खाली जातात, तुमची नळी सरळ जाते. दुसऱ्या दिवशी गेलो. खाली जात होती.

रातपाखरू:
वा! 'तुमची नळी सरळ जाते.' हे मी कुठेतरी लिहून ठेवणारे.

कमी झाल्याचंच सगळं चाललंय म्हणून दोन उलटे धागे पण सांगते. चिलीत ग्वाफो बेटावर २००७ च्या आसपास मोजलं तर अंदाजे ४० लाख टीटी निघाले. आणि फॉकलंडच्या किडनी बेटावर नीट मोजल्यावर जुन्या अंदाजाच्या कित्येक पट जोड्या सापडल्या. म्हणजे वाढले का? तर तसं नाही म्हणता येत, आधी नीट मोजलेच नव्हते. याचीही गंमत वाटते मला, की आकडा वर गेला तर पक्षी वाढले असं नाही आणि खाली गेला तर मेले असं नाही.

दुसरी गोष्ट उंदरांची. १९९८ मध्ये 'कमांड' नावाच्या टँकरमधून सॅन फ्रान्सिस्कोजवळ तेल सांडलं, त्यात जे पक्षी मेले त्यात हे टीटीही होते. नुकसानभरपाईचा पैसा आला. आता कॅलिफोर्नियात मेलेल्या पक्ष्याची भरपाई कॅलिफोर्नियात कशी करणार, तो तिथे जन्मतच नाही! म्हणून त्या पैशातून न्यूझीलंडच्या टाउकिहेपा आणि आजूबाजूच्या बेटांवरचे उंदीर २००६ मध्ये संपवले. मला या सगळ्या प्रकरणात हे सगळ्यात आवडलं. कोणीतरी नकाशा पूर्ण उघडून बघितला.

बिळात_हात:
टाउकिहेपाचं नाव काढलंत म्हणून. त्याच बेटावर १९६४ मध्ये जहाजावरचे उंदीर शिरल्याचं लक्षात आलं आणि पुढच्या काही वर्षांत तिथला एक स्नाइप आणि बुश रेन हे दोन पक्षी आणि एक वटवाघूळ जगातून कायमचे गेले. सॅडलबॅक नावाचा पक्षी तेवढा घाईघाईने उंदीर नसलेल्या बेटांवर हलवला म्हणून वाचला. टीटी मोठा, दणकट, म्हणून तिथे तगला. आता तिथे जाताना बोटीतला एकेक डबा उघडून उंदीर तपासतात, माझी बॅग दोनदा उलटी केली होती.

खलाशीकाका:
मंडळी, तुमच्या त्या डायरीवाल्या माणसाचं वाचून काल माळ्यावरची ट्रंक उघडली. माझ्या जुन्या खाजगी वह्या निघाल्या, १९८६ ते १९९३. जहाजाचं अधिकृत लॉगबुक कंपनीकडे, पण मी स्वतःची एक वही ठेवायचो, वॉच संपली की चार ओळी. धावत बघायला गेलो की आपणही शास्त्राला हातभार लावलेला दिसतोय का.

तर काय लिहिलंय सांगतो. वारा, दिशेसकट. लाटांची उंची. बॅरोमीटर, दशांशापर्यंत. आणि पक्ष्यांपुढे: 'पुष्कळ.' दुसऱ्या दिवशी: 'बरेच.' एके ठिकाणी: 'आज परत ते काळे, पुष्कळ.' ज्या दिवशी पाऊण तास थव्यातून चाललो होतो त्या दिवशी काय असेल म्हणून पान शोधलं, तर 'काळे पक्षी, फारच' आणि पुढे स्वयंपाक्याशी झालेल्या भांडणाचं पाऊण पान.

१९९२ आणि ९३ च्या जूनमधली पानं चाळली, त्यात पक्ष्यांचा उल्लेखच नाही. आता ते नव्हते म्हणून लिहिलं नाही की मला कंटाळा आला होता म्हणून, हे माझं मलाच आठवत नाही.

शंकासुर:
काका, तुम्ही म्हणजे कॅलकोफीच.

गणितवेडी:
काका, हसण्यावारी नेऊ नका. तारीख आहे ना? दुपारच्या पोझिशनचे अक्षांश-रेखांश आहेत का? असतील तर आठ वर्षांचं 'आहे' आणि 'नाही' एवढं तरी नकाशावर टाकता येतं, आकडा नसला तरी. पानांचे फोटो काढून पाठवा, मी बसते त्यावर. फक्त एक सांगा, तुमच्या वहीत 'बरेच' मोठं की 'पुष्कळ'?

खलाशीकाका:
अक्षांश-रेखांश आहेत, रोजचे.
'पुष्कळ' मोठं. 'बरेच' म्हणजे दुर्बीण न उचलता दिसले तेवढे. 'फारच' फक्त तीनदा आहे.